जीपमधून उतरणाऱ्या बुटांबद्दल

प्रति,
सांगली, मिरज, तासगाव, विटा आणि आसपासच्या गावांतली, पोलिसांवर शॉर्टफिल्म लिहिणारी सर्व मुलंमुली यांस

विषय : २२ पटकथांमधले १६ जोड बूट

पोरांनो आणि पोरींनो,

विषय लिहिल्याशिवाय मला पत्र सुरू करता येत नाही. ३२ वर्षं रिपोर्ट लिहिण्यात गेली, त्याची ही खोड.

मागच्या महिन्यात एका स्पर्धेच्या निमित्तानं तुमच्या पटकथांचा गठ्ठा माझ्याकडं आला. मी खात्यातून सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो आणि नोकरीत असताना जमेल तेव्हा हौशी नाटकांत विंगेत उभं राहून प्रॉम्प्टिंग केलं, एवढ्या भांडवलावर मला परीक्षक केलेलं. भडंगाचा डबा शेजारी घेऊन तीन रात्री वाचत बसलो. २२ पटकथा होत्या. त्यातल्या १६ एकाच तऱ्हेनं सुरू होतात. जीप येऊन करकचून थांबते. धूळ उडते. दार उघडतं. कॅमेरा खाली, बूट जमिनीवर. स्लो मोशन. मग पट्टा, मग मिशी, मग गॉगल. एकीत तर बूट टेकल्याबरोबर झाडावरून घुबड उडालंय, भर दुपारी.

साहेब लोकांना जीपमधून उतरताना मी उभ्या आयुष्यात शेकड्यानं पाहिलंय. बहुतेक जण उतरल्यावर आधी खिसा चाचपतात, मोबाईल सीटवर राहिला की काय म्हणून. नव्या ठिकाणी चार्ज घ्यायला आलेला साहेब लांबच्या प्रवासानं आखडलेला असतो. तो सॅल्यूट घेतो आणि हळूच ऑर्डर्लीला विचारतो, ‘बाथरूम कुठंय रे?’ हे कुणीच लिहिलं नाही. लिहिलं असतंत तर मी त्या माणसावर पहिल्याच पानात विश्वास ठेवला असता.

पण माझं भांडण बुटांशी नाही. बूट दाखवा, खुशाल दाखवा. भांडण आहे ते पाचव्या-सहाव्या पानाशी. तिथं तुमच्या इन्स्पेक्टरला मंत्र्याचा फोन येतो, गडचिरोलीला बदलीची धमकी मिळते आणि वाचणाऱ्याच्या पोटात गोळा यावा अशी तुमची अपेक्षा असते. माझ्या पोटात भडंगच होतं. ज्या गड्यानं पहिल्या पानावर सहा जणांना लोळवलंय, तो गडचिरोलीत जाऊन आणखी सहा जणांना लोळवेल. मला घोर कशाचा?

हीच गोष्ट नीट सांगता यावी म्हणून दोन सिनेमे पुढ्यात घेतो. दोन्ही पोलिसांचे. दोन्हींत एक वर्दीवाला आणि एक राजकारणात शिरू बघणारा गुंड. पहिला ‘दबंग’, २०१० सालचा, ज्याच्यावरून तुम्ही बूट, गॉगल, चाल सगळं उचललंत. दुसरा ‘अर्धसत्य’, १९८३ सालचा, जो तुमच्यातल्या फार जणांनी पाहिलेला दिसत नाही.

‘दबंग’ तर आपल्या शेजारचाच म्हणायचा. गोष्टीतलं गाव उत्तर प्रदेशातलं लालगंज, पण शूटिंग झालं वाईला. त्याआधी २००३ च्या ‘गंगाजल’साठी वाईच बिहारमधलं तेजपूर झाली होती. माझी बहीण वाईत दिलेली. तिच्या शेजारी बसून हे सिनेमे बघणं ही शिक्षा आहे. गुंड कुणाला मारतायत याकडं तिचं लक्ष नसतं, ती ‘अगंबाई, हा आपला घाट’ करत मागच्या भिंती ओळखत बसते. असो.

‘दबंग’मधला चुलबुल पांडे मोठेपणी पहिल्यांदा दिसतो तो बँक लुटून आलेल्या टोळीच्या अड्ड्यावर. एकटा घुसतो, सगळ्यांना झोडपतो. गॉगल कॉलरला मागच्या बाजूनं अडकवायची त्याची तऱ्हा तर गावोगावच्या पोरांनी उचलली. तुम्ही इथवरचं पाहिलंत आणि लिहून काढलंत. याच्या आधीचं आणि नंतरचं मात्र सोडून दिलंत, आणि सिनेमा सगळा त्यावर उभा आहे.

आधी काय आहे? एक घर आहे. सावत्र बाप, आई, दोन पोरं, आणि बापाचा ओढा आपल्या पोटच्या पोराकडं, मख्खीकडं. चुलबुल लहानपणीच कुठं दुखावला गेलाय ते आपण हाणामारीच्या आधी बघून ठेवलेलं असतं. म्हणजे या माणसाला गोळी लागणार नाही, काठी लागणार नाही, पण घरातलं एक वाक्य लागेल, हे लेखकानं तुमच्या कानात आधीच सांगून ठेवलंय. त्यानंतर त्यानं दहा काय वीस जणांना मारलं तरी चालतं.

आणि नंतर काय? तो ती लूट जमा करत नाही. स्वतःकडं ठेवतो. पोलीस म्हणून मला त्या सगळ्या प्रवेशात हीच गोष्ट टोचली. ना पंच, ना पंचनामा, ना लाखेचं सील, ना मुद्देमाल कारकुनाची सही. आमच्याकडं जप्त केलेल्या सायकलीची घंटी गहाळ झाली तरी कारकुनाला घाम फुटायचा, आणि इथं अख्ख्या बँकेची रोकड घरी. पण लेखकाचं कसब बघा. तेच पैसे पुढं मख्खी स्वतःच्या लग्नासाठी चोरतो आणि भर मांडवात ते फुटतं. पहिल्या प्रवेशात जी पिशवी हिरोच्या हाती पडली तीच घर मोडायला कारण झाली. एन्ट्री फुकट गेली नाही. तुमच्या १६ पटकथांत बूट उतरतात, टाळ्या घेतात आणि पुढं त्या बुटांचा गोष्टीशी काडीचा संबंध राहत नाही.

आता उत्कंठेचं बोलू. ‘चुलबुल मरेल का’ असं ‘दबंग’ एकदाही मनापासून विचारत नाही. त्याला माहीत आहे, असल्या एन्ट्रीनंतर तो प्रश्न कुणी मनावर घेणार नाही. म्हणून तो दुसरीकडं टांगून ठेवतो. चुलबुलच्या आईला दमा आहे. ती जाते. तिच्या जाण्यामागं छेदी सिंगचा, म्हणजे यातल्या गुंडाचा, हात आहे हे चुलबुलला शेवटच्या मारामारीपर्यंत कळत नाही. किंवा ती आंब्याची पेटी घ्या. छेदी मख्खीच्या हाती आंब्याची पेटी देऊन राजकारण्याकडं धाडतो आणि पेटीत बॉम्ब असतो. पोचवणाऱ्याला वाटतंय आपण आंबे पोचवतोय. गाव आपलं, आंबे आपल्या ओळखीचे, पेटी द्यायला जाणारा बापाचा लाडका. अजिंक्य माणसाच्या गोष्टीत भीती ठेवायची तर त्याच्या भोवतीच्या साध्यासुध्या माणसांच्या अज्ञानात ठेवावी लागते, ती त्यांनी तिथं ठेवली.

मला ‘दबंग’ फार आवडतो असं नाही. वर्दी घालून लूट खिशात घालणाऱ्याला टाळ्या पडलेल्या बघून मी थेटरात दोनदा खुर्चीत सरकून बसलो. पण बांधणी कच्ची आहे असं मी म्हणणार नाही.

शिवाय ही असली एन्ट्री मुंबईनं शोधून काढली असं तुम्हांला वाटत असेल तर सांगलीकर म्हणून तुमची कमाल आहे. १८४३ साली याच गावात विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणलं. त्या काळच्या पौराणिक खेळांत सूत्रधार यायचा, विदूषक यायचा, गणपती-सरस्वती यायचे, आणि मग राक्षस. राक्षस काय गुपचूप येतो? अललडुर्र अशी आरोळी ठोकत, रंगमंच हादरवत यायचा. पुढं लोक त्या नाटकांना चेष्टेनं अललडुर्र नाटकंच म्हणायला लागले. तुमच्या इन्स्पेक्टरची जीप म्हणजे तीच अललडुर्र आहे, फक्त डिझेलवर चालणारी. फरक एवढाच की भाव्यांच्या प्रेक्षकाला रामाची गोष्ट पाठ होती. राक्षस हरणार हे त्याला ठाऊक होतं. तो ‘कोण जिंकेल’ यासाठी नव्हे, ‘कसा येतोय बघू’ यासाठी जागा राहायचा. तुम्हांला मात्र आरोळीही हवी आणि ‘आता काय होईल’ ही धाकधूकही हवी. दोन्ही मिळतं, पण त्यासाठी वर सांगितलं तसं घर आधी बांधावं लागतं.

आता ‘अर्धसत्य’. दिग्दर्शक गोविंद निहलानी. कथा श्री. दा. पानवलकरांची, ‘सूर्य’ नावाची. पटकथा विजय तेंडुलकरांची. म्हणजे सिनेमा हिंदी असला तरी हाडं मराठी. याचा फौजदार अनंत वेलणकर आपल्याला पहिल्यांदा कुठं भेटतो? एका पार्टीत. तिथं त्याची ज्योत्स्ना गोखलेशी ओळख होते, कॉलेजात साहित्य शिकवणारी बाई. ओम पुरी आणि स्मिता पाटील. जीप नाही, आरोळी नाही. चार सुशिक्षित माणसांत उभा असलेला एक फौजदार, ज्याला लोकांच्या नजरेत आपल्या खात्याबद्दल काय आहे ते कळतंय.

तुम्ही म्हणाल यात काय विशेष. तुम्ही कधी नोकरीत असताना लग्नाकार्यात साध्या कपड्यांत गेला नाहीत म्हणून म्हणाल. कुणीतरी ओळख करून देतं, ‘हे पोलिसात आहेत’, आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर एक पडदा सरकतो. काही जण जास्तच हसायला लागतात. काही जणांना एकदम गाडीच्या कागदपत्रांची आठवण होते. एकानं मला अक्षता हातात असताना हेल्मेटच्या दंडाबद्दल विचारलं होतं. तो पडदा सरकतो त्या क्षणी तुम्ही एकटे असता. वेलणकरची ओळख त्या पार्टीत करून दिल्यावर पुढचा सगळा सिनेमा मी एकच गोष्ट बघत होतो, हा माणूस कधी तुटतोय.

त्याचा बाप बघा. अमरीश पुरी. तोही पोलिसातलाच, घरी बायकोवर हात टाकणारा. पोरानं पोलिसातच जायचं हे त्यानं ठरवलेलं. आपल्याला तो कळतो तो पोराच्या आठवणींतून. चुलबुलचं घर आधी दाखवलं आणि वेलणकरचं मधून मधून उघडत नेलं. एकाचं दुखणं आपण आधी बघतो आणि मग त्याची ताकद बघून हसतो. दुसऱ्याची चीड आधी बघतो आणि ती कुठून येते हे उशिरा कळतं. कळतं तेव्हा हसू येत नाही.

खलनायकाचं तर विचारूच नका. तुमच्या गठ्ठ्यातले गुंड एक तर कोंबडी फाडत असतात, नाहीतर मालीश करून घेत असतात. ‘अर्धसत्य’मधला रामा शेट्टी आपल्यापर्यंत कसा येतो? वेलणकर तीन भुरट्या गुंडांना धरतो, आणि ते कुणाचे आहेत ते मग कळतं. शेट्टी जाहीर होण्याआधी त्याची पोच जाहीर होते. सदाशिव अमरापूरकर, नगरचा रंगभूमीवरचा माणूस, हिंदीतली ही त्यांची पहिली मोठी भूमिका, आणि तिच्यासाठी त्यांना फिल्मफेअर मिळालं. आवाज कुठंच चढवत नाहीत. पुढं वेलणकर त्याला अटक करायला जातो, हातात पुरावा आहे, कायदा बाजूनं आहे. शेट्टी ढिम्म. तो एक फोन लावतो. वरच्या साहेबाशी बोलतो आणि वेलणकरला माघारी फिरावं लागतं.

तो फोन मी किती वेळा पाहिला असेन, सिनेमात नव्हे. टेबलावरचा काळा फोन, नंतर राखाडी, नंतर खिशातला. घंटा वाजली की ठाण्यातले सगळे आपापल्या कागदांत माना घालायचे. मारामारीत काय, एक पडतो, एक उठतो, हिशेब डोळ्यांसमोर होतो. फोनमध्ये पलीकडचा काय म्हणाला ते ऐकू येत नाही. फक्त अलीकडच्याचं ‘हो सर… हो सर… बघतो सर’ ऐकू येतं, आणि तिसऱ्या ‘सर’ला पोटात खड्डा पडतो. उत्कंठा शोधायला तुम्ही गोडाऊनं, ड्रम, धूर, काय काय जमवता. एक फोन द्या आणि पलीकडचं बोलणं कापा.

या अटकेच्या आधी एक प्रसंग आहे, त्यासाठी जरा थांबतो. झोपडपट्टीतल्या एका माणसाला मारून जाळलंय. वेलणकर त्याला दवाखान्यात नेतो आणि त्याचा जबाब घेतो. शेट्टीकडं जायचं बळ त्याला त्या जबाबातून मिळतं.

मी असा जबाब होताना पाहिलाय. साल सांगत नाही, दवाखानाही नाही. जळीत वॉर्डात पलंगावर लोखंडी कमानी लावून वर चादर टाकलेली असते, कापड अंगाला चिकटू नये म्हणून. डॉक्टरांनी आधी कागदावर लिहून दिलं की रुग्ण शुद्धीवर आहे, जबाब द्यायच्या स्थितीत आहे, खाली वेळ आणि सही. जबाब संपल्यावर तेच पुन्हा लिहून घ्यायचं. नायब तहसीलदार प्रश्न विचारत होते, त्यांचा कारकून लिहीत होता, मी उशाशी स्टॅम्पपॅड धरून उभा. त्या माणसानं हळू हळू सांगितलं. मग एक नाव घेतलं. त्या खोलीतल्या प्रत्येकाला ते नाव माहीत होतं. कारकुनाचं पेन अर्धा क्षण थांबलं. नंतर चाललं.

हाताची बोटं जळाली होती म्हणून पायाच्या अंगठ्याचा ठसा घ्यायचा ठरलं. मी शाई लावायला वाकलो तर माझाच हात थरथरायला लागला. त्या माणसानं पाय हलू दिला नाही.

पेन थांबलं तो अर्धा क्षण मला कुठल्याही पडद्यावरच्या क्लायमॅक्सपेक्षा मोठा वाटतो. आणि तो लिहायला खर्च येत नाही. एक पलंग, एक चादर, एक पेन.

‘अर्धसत्य’ उत्कंठा वाढवतो ती आरसे लावून. माईक लोबो नावाचा एक निलंबित अधिकारी आहे, नसीरुद्दीन शाह. दारूत बुडालेला. तो आला की गोष्ट पुढं सरकत नाही, आपण मात्र दचकतो, कारण वेलणकर उद्या कुठं असेल ते आज रस्त्यावर झिंगत उभं आहे. दुसरीकडं शफी इनामदारांचा हैदर अली, खात्यात टिकून राहायची कला शिकलेला, वाईट नाही, हुशार. दोन्ही वाटा समोर चालत्या बोलत्या उभ्या आणि मधे हा. त्यात तो ज्योत्स्नाच्या पुस्तकातली कविता वाचतो, दिलीप चित्र्यांची, चक्रव्यूहाची. वाचायला घेतो सहज, आणि वाचता वाचता त्याचा आवाज बदलतो. मारामारीशिवायचा सगळ्यात भीतिदायक प्रसंग मला तोच वाटतो. त्याला स्वतःबद्दल काहीतरी कळलंय आणि ते आता परत झाकता येणार नाही.

मग एका किरकोळ चोराला, रेडिओ चोरल्याच्या संशयावरून, वेलणकर कोठडीत इतका मारतो की तो मरतो. इथं मी काही शहाणपणा शिकवणार नाही. एवढंच सांगतो की तुमच्या २२ पैकी नऊ पटकथांत हिरो कोठडीत आरोपीला मारतो, आणि नऊच्या नऊ वेळा तो आरोपी खरं बोलून टाकतो. मार पडतो आणि सत्य बाहेर पडतं, जणू नळाची तोटी फिरवली. मी पाहिलेल्या मारातून बाहेर पडलेलं बरचसं समोरच्याला हवं ते बोलणं होतं. तेंडुलकर-निहलानींनी त्या मारातून मुडदा बाहेर काढला, आणि तिथून पुढं गोष्ट वेलणकरच्या हातात राहिली नाही. तोवर तो शेट्टीच्या मागं होता. आता त्याला वाचवू शकेल असा एकच माणूस उरतो, तो शेट्टीच.

शेवट दोन्ही सिनेमांचा शेजारी शेजारी ठेवून बघा. मी हे बहिणीला सांगितलं तर ती म्हणाली, ‘तुला रिकामा वेळ फार.’ असेल. ‘दबंग’मध्ये आईचा खून छेदीनं केलाय हे कळल्यावर चुलबुलचे दंड फुगून शर्ट टराटरा फाटतो आणि तो छेदीला ट्रॅक्टरच्या धुरानं गुदमरवून मारतो. दम्याच्या बाईचा श्वास कोंडणाऱ्याचा श्वासच कोंडला. हिशेब चुकता, लोक उठून घरी. ‘अर्धसत्य’मध्ये वेलणकर मदत मागायला शेट्टीकडं जातो, शेट्टी त्याला आपला माणूस व्हायला सांगतो, आणि वेलणकर त्याचा गळा आवळतो. इथंही श्वासच कोंडला. मग तो चालत ठाण्यात येतो आणि स्वतःला हजर करतो.

मरण एकाच प्रकारचं. एकात आपल्याला सुटल्यासारखं वाटतं, दुसऱ्यात आपलाच गळा धरल्यासारखं. का, तर पहिल्या ओळखीत दोघांनी आपल्याकडून वेगवेगळं वचन घेतलंय. चुलबुल आला तेव्हाच म्हणाला, मजा बघा. वेलणकर पार्टीत उभा होता तेव्हा काहीच म्हणाला नाही, आपणच त्याच्याकडं बघत राहिलो. तुम्ही काय करता? चुलबुलसारखा आत आणता आणि मध्यंतरानंतर वेलणकरचं दुःख त्याच्या गळ्यात घालता. ते बसत नाही हो त्याला, मापच वेगळं.

आता थोडं खात्याचं, कारण हे सांगितलं नाही तर मला झोप लागणार नाही. तुमच्या तीन पटकथा चालू सालच्या आहेत आणि त्यांत खुनाला ३०२ लागलंय. १ जुलै २०२४ पासून नव्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहिता लागू झाली, खुनाचं कलम १०३. ‘तीनसो दो’चा ठसका जातो हे मान्य, पण जुना ठसका हवा तर गोष्ट जुन्या सालात घ्या. दुसरं, पोलिसापुढं दिलेली कबुली कोर्टात आरोपीविरुद्ध चालत नाही. त्यामुळं कोठडीत कबुली दिली आणि खटला संपला, असा शेवट करू नका. तिसरं, अटकेचा कागद करायचा असतो, त्यावर साक्षीदाराची सही लागते, नातेवाइकाला कळवायचं असतं. सुप्रीम कोर्टाच्या १९९६ च्या डी. के. बसू निकालानंतर हे सगळं आलं. तुमचा हिरो कुणालाही कॉलरला धरून जीपमध्ये टाकतो.

पण यातली एक गोष्ट तुमच्या कामाची आहे, आणि २२ पैकी एकानंही ती वापरली नाही. अटक केल्यापासून प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत आरोपीला मॅजिस्ट्रेटपुढं उभं करावं लागतं. प्रत्येक ठाण्याच्या भिंतीवर घड्याळ असतं ना, त्याकडं तपास करणारा माणूस कसा बघतो ते कधी पाहिलंत? दुपारी चारला धरलाय. रात्र गेली. सकाळी दहाला पंच फिरला. बाराला मुद्देमालाची विहीर सापडली पण पाणबुड्या मिळेना. अडीच वाजले. आयर्विन पुलावर ट्रॅफिक. यापेक्षा आयती उत्कंठा तुम्हांला कोण देणार आहे? आणि तुम्ही बॉम्बला लाल-निळ्या वायरी लावत बसलाय.

हे सगळं वाचून तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्याला एकही पटकथा आवडली नाही. तसं नाही. एक आवडली. नाव-गाव लिहायचं नाही असा स्पर्धेचा नियम होता, पण बोलीवरून तासगावकडची मुलगी असावी. गोष्ट हातानं स्टेशन डायरी लिहायच्या काळातली आहे. रात्रीची वेळ, ठाणे अंमलदार म्हणून एक लेडी कॉन्स्टेबल बसलीये. जीप नाही, बूटही नाहीत, टेबलाखाली तिनं चपला काढून ठेवल्यात. ११ वाजून ४० मिनिटांनी एक बाई येते, पोरगी घरी आली नाही म्हणून. कॉन्स्टेबल पेन उचलते, तेवढ्यात आतून साहेबांचा आवाज येतो, ‘सकाळी बघू, आत्ता नोंद नको.’ बाईला घरी पाठवलं जातं. मग ती कॉन्स्टेबल डायरीत काय करते? नोंद करत नाही. एक ओळ मोकळी सोडते. त्याखाली सव्वाबाराची दुसरीच नोंद लिहिते, गस्त परत आल्याची.

डायरीत दोन नोंदींमध्ये मोकळी ओळ सोडायची नसते. पहिल्या दिवशी शिकवतात. ती सोडलेली ओळ म्हणजे उद्या कुणीतरी तिथं काहीतरी घुसडणार, किंवा तिला स्वतःला तिथं काहीतरी लिहायची हिंमत होणार, किंवा ती तशीच राहणार आणि एक दिवस कुणीतरी मोठा साहेब तपासणीत बोट ठेवून विचारणार, ‘हे काय?’ पुढची सहा पानं ती पोरगी नुसती त्या ओळीकडं परत परत जाते. चहा सांडतो तर आधी डायरी उचलते. दुसरा हवालदार पान उलटतो तर हिचा हात पुढं येतो. एकही गोळी नाही आणि मी भडंग खायचं विसरलो.

नोकरीत मी अशी मोकळी ओळ दोनदा पाहिली. त्यातली एक मीच सोडली होती.

त्या पटकथेला मी पहिला नंबर दिला, आयोजकांनी दुसऱ्या एकीला दिला, तो त्यांचा अधिकार. तिच्यात एक घोळ आहे. १४ पानं आहेत असं वर लिहिलंय, गठ्ठ्यात १३ च आली. तेराव्या पानावर पहाटे पाच वाजलेत, ती बाई पुन्हा दारात उभी आहे, कॉन्स्टेबलनं डायरी पुढं ओढून त्या ओळीवर पेन टेकवलंय.

जिची कुणाची ती पटकथा असेल तिनं चौदावं पान आणून द्यावं. संध्याकाळी पाच ते सात मी विश्रामबागेतल्या वाचनालयात असतो. बाकीच्यांनीही आपापले गठ्ठे घेऊन जावेत, समासात पेन्सिलीनं लिहिलंय, खोडता येईल.

आपला,
एक निवृत्त सहायक फौजदार
विश्रामबाग, सांगली